काळी चार

आमच्या गाण्याच्या सरांना शाळेतल्या एकाही विद्यार्थ्याचं नाव ठाऊक नव्हतं. ठाऊक असलं तरी त्यांनी ते कधी उच्चारलं नाही. वर्गात आल्यावर पेटीवरचं जुन्या धोतराचं फडकं काढायचं, त्याची नीट घडी करून खुर्चीच्या पाठीवर टाकायची आणि हजेरी सुरू करायची.

"पांढरी पाच?"

"हजर."

"काळी एक?"

"हजर सर."

"काळी दोन कुठंय?"

"त्याले ताप आला सर."

"ताप 'त्याला' येतो. 'त्याले' येत नाही."

ज्याचा गळा पेटीच्या ज्या पट्टीत बसेल, ती पट्टी हेच त्याचं नाव. एकाच पट्टीची दोन मुलं निघाली तर एक थोरली आणि एक धाकटी. गळाच बसत नसेल तर त्याला ते 'बिनपट्टीचा' म्हणत, आणि वर्षभर त्याच्याकडे बघतसुद्धा नसत. मी काळी चार होते. घरचं नाव मला फारसं आवडत नव्हतं, त्यामुळे हे नाव मी मोठ्या ऐटीनं मिरवायची. विहिरीवर पाणी भरताना बायकांनी विचारलं तरी मी सांगायची, मी काळी चार. त्या हसायच्या, आणि मला वाटायचं की यांना गाण्यातलं काही कळत नाही.

डोणगावात तेव्हा गाण्याचा शिक्षक असणं हीच नवलाई होती. महाराष्ट्र नुकताच झाला होता. वर्गात अजून जुन्या मध्य प्रदेशाचा नकाशा टांगलेला होता आणि भूगोलाचे गुरुजी त्यावर खडूनं नवी रेघ ओढून शिकवायचे. अशा त्या शाळेत आमचे सर काळा कोट आणि काळी टोपी घालून, भर वैशाखातही गळ्यापर्यंत बटणं लावून, पेटी स्वतःच्या हातानं उचलून आणायचे. शिपायाला पेटीला हात लावू देत नसत. ते मूळचे मेहकरकडचेच, पण उमेदवारीत दोन वर्षं पुण्यात काढल्यामुळे पुणेरी बोलायचे. फार संतापले की ते पुणेरीपण निसटायचं आणि आतून "काऊन बे, कान फुटले काय तुये?" असं अस्सल बाहेर यायचं. मग स्वतःच दचकायचे आणि टोपी सारखी करायचे.

ती पेटी हा त्यांचा देव होता. जगातला कुठलाही सूर त्या पेटीशी ताडून बघायचा, जुळला तर खरा, न जुळला तर खोटा. देवळातल्या भजनी मंडळाची पेटी हिच्याशी जुळायची नाही. सर म्हणायचे, "त्यांना टाळ कुटायचेत, सूर कशाला हवा?" मग ग्रामपंचायतीनं रेडिओ आणला आणि कर्णा लावून संध्याकाळी गावाला ऐकवायला सुरुवात केली. सारं गाव तोंडाचा आ करून ऐकत होतं, तेव्हा सर कर्ण्याखाली उभे राहून मान हलवत होते. "चढलाय," ते म्हणाले. "दीड पट्टी चढलाय. यांच्या तंबोऱ्याला कुणी वाली नाही." त्यांनी रेडिओवाल्यांना तसं पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही, म्हणून दुसरं लिहिलं. त्याचंही उत्तर आलं नाही, तेव्हा सरांनी वर्गात सांगितलं की ते लोक खजील झाले आहेत. आम्ही टाळ्या वाजवल्या. आमच्या डोणगावच्या सरांनी रेडिओची चूक काढली, याचा आम्हाला केवढा अभिमान!

खरी गोष्ट मेहकरच्या एका चाचांनी आमच्या देखत सांगितली होती. हे चाचा पेट्या, ढोलक्या आणि स्टोव्ह दुरुस्त करत गावोगाव फिरायचे. एकदा सरांच्या पेटीचा भाता फाटला म्हणून त्यांना बोलावलं. भाता शिवून झाल्यावर चाचांनी सहज दोन पट्ट्या दाबल्या, आपल्या पिशवीतली एक लहान पेटी काढून तिच्याशी ताडून बघितल्या आणि म्हणाले, "मास्तर, भाता तं झाला. पन पेटी बैठ गई है. पयल्या कारागिरानं रीडा, आतल्या सुराच्या पात्या, लय घासल्या. आपसात सुरात हाये, पन सारीच्या सारी दीड पट्टी खाली उतरली. म्हनसान तं चढवून देतो, आठ दिवसाचं काम हाये."

सरांचा चेहरा लालबुंद झाला. "भाता शिवलास, झालं. सुराला हात लावायचा नाही."

"मी कायले लावू? मले काय गानं म्हनाचं हाये?" चाचा पिशवी उचलून निघून गेले. आम्ही सगळे हसलो. चाचांना हसलो, सरांना नाही.

जिल्ह्याच्या शाळांची गायन स्पर्धा शेगावला होणार असं पत्रक आलं, तेव्हा मी नववीत होते. दोन प्रकार होते. बारा मुलांचं समूहगान आणि एकाचं एकट्याचं. समूहगान सरांनी स्वतःच रचलं, त्यात पैनगंगेपासून पूर्णेपर्यंत जिल्ह्यातल्या साऱ्या नद्या होत्या आणि आमच्या गावच्या नाल्यालाही त्यांनी एका ओळीत बसवलं होतं. एकट्याच्या गाण्यासाठी त्यांनी मला निवडलं. भूप रागात बांधलेलं भजन. शेवटच्या कडव्यात ते वरच्या पंचमापर्यंत चढायचं. माझा गळा तिथपर्यंत नेमका पोचायचा, त्याच्यावर एक तसूभरही नाही. सरांना ते पक्कं माहीत होतं, कारण त्यांनी चाल माझ्याच गळ्याच्या मापानं बेतली होती. एवढं त्यांना येत होतं, हे मी नाकारत नाही.

मग तीन महिने सरांनी आमचा जो छळ केला, त्याला तोड नव्हती. चिंच बंद, बोरं बंद, पेरू बंद. रोज सकाळी रांगेत उभं करून जिभा बघायचे. एकाच्या जिभेवर चिंचेचा डाग दिसला तर त्याला आठवडाभर फक्त खर्जात बसवलं. बोलणं कमी करा म्हणून मधल्या सुट्टीत मौन. मी वाफ घेते की नाही हे बघायला ते सकाळी आमच्या दारात येऊन उभे राहायचे. घसा बसला तर ज्येष्ठमध स्वतः उगाळून आणायचे. माझ्या आईला वाटायचं, बापाहून जास्त काळजी घेतात.

आमचा नाल्याकाठी भाजीचा मळा होता आणि वर थोडी ज्वारी. ज्वारी हुरड्यात आली की मी सुट्टीच्या दिवशी राखणीला जायची. एका रविवारी सर काळ्या कोटात, चिखल तुडवत बांधावर आले.

"ही ओरडते का?" त्यांनी बाबांना विचारलं.

"हाव. राखनीले असते ना. तिच्या एका हाळीनं सारे राघू उडते."

"आजपासून बंद. गळा फाटतो."

"मंग पाखरं कोन हाकलन मास्तर?"

"तुम्ही."

बाबा हसायला लागले. "बरं बाप्पा. तुमी म्हनता तं मी बोंबलतो." त्या दिवसापासून आमचे बाबा, चार माणसांत मान असलेला माणूस, राखणीच्या माचावर चढून हाळ्या देऊ लागले आणि मी खाली बसून खडीसाखर चघळू लागले.

त्याच बांधावर दुसरंही एक बोलणं झालं. माझी मावशी अमरावतीला राहायची. तिच्या गल्लीत एक बाई मुलींना गाणं शिकवायच्या. पोरीला इकडे पाठवा, शाळाही होईल आणि गाणंही होईल, अशी पत्रं मावशी वर्षभर लिहीत होती. बाबा दाद देत नव्हते. त्या दिवशी सरांच्या समोर ते मला म्हणाले, "हे पाय, मले गान्यातलं काई समजत नाई. मास्तरले समजते. शेगावात नंबर आनला तं धाडतो तुले मावशीकडे, शब्द देतो. नाई आनला तं समजू का हे हौसेपुरतं हाये, अन् मंग तो विषय काढाचा नाई."

सर म्हणाले, "आणेल." एवढंच. मी त्या एका शब्दावर दोन महिने जगले. अमरावतीच्या शाळेचा गणवेश कसला असेल, मावशीच्या घरी कुठल्या खोलीत झोपायचं, त्या बाईंना पहिल्या दिवशी काय म्हणून दाखवायचं, सगळं मी ठरवून टाकलं होतं.

शेगावला आम्ही मेहकर, खामगाव करत एस.टी.नं गेलो. बसमध्ये सरांनी पेटी मांडीवर घेतली होती. पण तिथं पोचल्यावर कळलं की आपापल्या पेट्या चालणार नाहीत. सगळ्यांना सारखं माप असावं म्हणून यजमान शाळेची एकच पेटी ठेवली होती. सर त्यावर वाद घालून आले. त्यांनी आपली पेटी फडक्यात गुंडाळून खोलीच्या कोपऱ्यात ठेवली.

सकाळी समूहगान झालं. त्या शाळेच्या गुरुजींनी पेटी धरली, सरांनी सांगितलेली पट्टी दाबली, आणि पहिल्याच ओळीला माझ्या ध्यानात आलं. सूर उंच होता. रोज ज्या जिन्याच्या पायऱ्या चढतो त्यात कुणी गुपचूप एक वाढवून ठेवावी, तसं झालं. पण बारा तोंडं होती. एक कमी पडलं तर दुसऱ्यानं झाकलं, दोघांनी वरच्या ओळी नुसत्या ओरडल्या, आणि ताण पडल्यामुळे गाणं उलट जोरकस वाटलं. आमचा दुसरा नंबर आला. सर टोपी काढून पुन्हा घालत होते, इतके खूश झाले होते.

एकट्याच्या गाण्याची पाळी दुपारी होती. जेवायची पंगत बसली, मला सरांनी उपाशी ठेवलं होतं. मी त्यांना ओसरीच्या टोकाला गाठलं.

"सर, इथली पेटी वर हाये. मले सकाळीच समजलं. माया गळा नाई पोचणार."

"'माझा' म्हण."

"माझा गळा नाही पोचणार सर. पट्टी खाली घेऊ द्या."

"पेटी वर नाही," सर म्हणाले, "तू खाली आहेस. पोटातून लाव, लागेल."

ते माझ्याकडे बघून बोलले नाहीत. मांडवाकडे बघत बोलले. चौदा वर्षांच्या मुलीला एवढं कळत नाही, पण ते तसं बघणं माझ्या लक्षात राहिलं.

मी व्यासपीठावर बसले. पेटी धरणारे गुरुजी भले होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, सकाळचं गाणं त्यांनी ऐकलं होतंच, आणि ते सरांकडे वळून हळूच म्हणाले, "मुलीला काळी चार जरा जड जाईल. काळी तीन देऊ का? कुणाला काही कळायचंही नाही."

पेटीवर त्यांचा हात तयार होता. एक पट्टी खाली, बोटभर अंतर. सर पहिल्या रांगेतून म्हणाले, "आमच्याकडे पट्ट्या बदलत नाहीत. ती काळी चार आहे."

पहिली दोन कडवी चांगली गेली असं मला नंतर लोकांनी सांगितलं. मला आठवत नाही. मला फक्त शेवटचं कडवं आठवतं, कारण पहिल्या ओळीपासून मी त्याचीच वाट बघत होते. वरच्या पंचमाला माझा आवाज फाटला. मी पुन्हा घेतला, पुन्हा फाटला. मांडवात मागच्या बाजूला पोरं हसली. मधले परीक्षक डोळे मिटून ऐकत होते, त्यांनी डोळे उघडले आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मी उरलेलं गाणं खालच्या सुरात कसंबसं संपवलं आणि उठताना हात जोडायचेही विसरले.

परत आलो तेव्हा बाबा स्टँडवर आले होते. त्यांनी मला काही विचारलं नाही. सरांना विचारलं, "काय झालं मास्तर?"

माझं सगळं आयुष्य त्या क्षणी त्या माणसाच्या तोंडात होतं. नुसतं 'तिथली पेटी वेगळी होती' म्हणायचं होतं. सर म्हणाले, "मुलगी कष्टाळू आहे. पण गळा कोता आहे. वरचा सूर तिच्यात नाही."

बाबांनी मान हलवली. वैद्यानं नाडी बघून सांगितलेलं ऐकावं, तसं त्यांनी ते ऐकलं. "तुमी म्हनता तं खरंच असन." मावशीला त्यांनी पत्र लिहून कळवलं आणि तो विषय पुन्हा घरात निघाला नाही. बाबा शब्दाचे पक्के होते, दोन्ही बाजूंनी. मला त्यांचा राग कधी आला नाही. त्यांनी ज्याच्यावर विश्वास ठेवला, त्याचा येतो.

मी गाण्याच्या तासाला जाणं सोडलं. सरांनी बोलावणं पाठवलं नाही. हजेरीत म्हणे काळी चार वगळून पुढे जात. दोन वर्षांनी सुलतानपूरला माझं लग्न झालं. माणसं चांगली मिळाली, उगाच खोटं कशाला बोलू. पण मी गायले नाही. मंगळागौरीला बायका आग्रह करायच्या तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन बसायची. मुलांना अंगाई म्हटली नाही, थोपटत गोष्टी सांगितल्या. आपला गळा कोता आहे हे मी, आपला रंग सावळा आहे हे जसं माणूस मानतो, तसं मानून टाकलं होतं.

सुलतानपुरात देवळाची पेटी दुरुस्त करायला एकदा ते चाचा आले. बरेच थकले होते. डोणगावची लेक म्हणून मी चहाला बोलावलं. बोलता बोलता सर निघाले, पेटी निघाली, आणि मी हसत म्हटलं, "तुमी म्हनत होते ना चाचा, पेटी उतरली म्हनून. सरनं तुमाले हाकलून देल्तं."

"हाकललं," चाचा म्हणाले, "अन् मंग बलावलं बी. तुमी पोट्टे शेगावाहून आले ना, त्याच्या दुसऱ्याच इतवारी. शाळा बंद. मास्तरनं आतून कडी लावली अन् म्हने, चढव. असे आठ इतवार म्या ते काम केलं. पोट्ट्याइले सांगाचं नाई, म्हने, कसम घातली मले. आता काय, किती वर्ष झाले त्याले."

चाचांनी चहा बशीत ओतला. दुसऱ्याच रविवारी. म्हणजे बाबांचं पत्र अजून मावशीला पोचलंही नसेल.

पाचव्या दिवशी मेहकरची एस.टी. धरली.

सर निवृत्त होऊन पुतण्याकडे राहत होते. खाटेवर बसलेले, अंगात कोट नाही, गंजीफ्रॉकवर. पुणेरी बोली पार गळून पडली होती. त्यांनी मला ओळखलं. "काळी चार," म्हणाले आणि हसले. मी हसले नाही.

"पेटी उतरली होती सर. तुमाले माहीत होतं."

त्यांनी खाटेची नवार चाचपली. "म्हाताऱ्यानं कसम मोडली म्हनजे."

"कधी समजलं तुमाले?"

"तठीच. सकाळच्या गान्याच्या पयल्या ओळीले."

"मंग काऊन नाई घेतली पट्टी खाली? तो गुरुजी हात ठेवून इचारून राह्यला होता तुमाले."

"खाली घेतली असती तं चार लोकांत पेटी खोटी ठरली असती," सर म्हणाले. आवाजात कुठं लाज नव्हती, हिशेब समजावून सांगावा तसं सांगत होते. "इतके वर्ष ज्या पोट्ट्याइले शिकवलं ते सारे खोटे. रेडिओले पत्र लेहले ते खोटे. मी खोटा. लय लोक होते त्याच्यात. तू एकटी होती."

"बाबाले तरी सांगाचं होतं. घरी येऊन, एकट्याले. त्यायनं कोनाले सांगतलं नसतं."

"सांगनार होतो. निघालो बी होतो एक डाव. मंग दिवस गेले." त्यांनी वर पाहिलं. "गाते काय वं अजून?"

"नाई."

सरांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. "मंग आता काय उपेग उकरून," म्हणाले आणि आत बघून पुतण्याच्या बायकोला चहा टाकायला सांगितला.

वाटेत मी कितीतरी बोलणी जुळवली होती. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. मी चहा प्यायले. तिनं कुंकू लावलं. निघताना मी सरांसमोर वाकले आणि त्यांच्या पायांना हात लावला. ठरवून नाही, शिक्षकासमोरून उठताना पाठ जशी आपोआप वाकते तशी ती वाकली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "यशस्वी हो." मी "हो सर" म्हटलं.

त्यांना मी माफ केलेलं नाही, आणि आता ते गेल्यावर करण्याचा प्रश्नही उरलेला नाही. पण ते वाकणं आठवलं की त्यांच्याहून जास्त राग मला माझाच येतो.